ऋजुता पास झाली का?

मी डोंबिवलीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं आणि माझी मुलगी ऋजुता इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षी नेमकी गणितातच आपटली. दिव्याखाली अंधार, हे मला स्टाफरूममध्ये तोंडावर ऐकवलं गेलं. दोन विषय अडले होते. मेकॅनिक्समध्ये थोडक्यात हुकलं होतं, तिथे ग्रेस मार्क देऊन विद्यापीठाने तिला पास केलं. एकच विषय मागे ठेवता यायचा, म्हणून गणित मागे ठेवून पुढच्या वर्गात जायची परवानगी मिळाली. वर्ष वाचलं.

अशी मुलगी विद्यापीठांचे निकाल लावणाऱ्या सॉफ्टवेअरची कंपनी काढते म्हणाली तेव्हा मला हसूच आलं. "आई, निकालाची धाकधूक माझ्याइतकी कुणाला माहितेय?" असं तिचं म्हणणं. मानपाड्याला रंगाच्या कारखान्याशेजारी गाळा घेतला. वासाने डोळे चुरचुरायचे. भागीदार सौमित्र, तिचा वर्गमित्र, कायम पहिला येणारा. मार्कांच्या हिशेबाचा सगळा भाग त्याने लिहिला.

पहिलं काम एका विद्यापीठाचं. तिथले परीक्षा नियंत्रक सामंत सर स्पष्ट बोलले होते, एक निकाल देतो, तो चुकला तर आम्ही आपले पूर्वीसारखे हातानेच करू. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

निकालाच्या दिवशी मी डबा घेऊन गाळ्यात गेले होते. निकाल तयार आहे हे सांगायला सामंत सरांना सौमित्र फोन लावणारच होता. ऋजुताला काय लहर आली कोण जाणे, तिने सहज स्वतःचे दुसऱ्या वर्षाचे मार्क टाकून पाहिले. पाठच होते, नापासाचे मार्क कुणी विसरत नाही. स्क्रीनवर आलं, दोन्ही विषयांत नापास, पुढच्या वर्गाला अपात्र. तिच्याच सॉफ्टवेअरने तिला घरी बसवलं होतं.

सौमित्रने ग्रेस पहिल्या विषयापासून ओळीने वाटली होती. गणितात सगळी ओतूनही ती पुरली नाही आणि मेकॅनिक्ससाठी काही उरली नाही. विद्यापीठात ग्रेस देतात ती मूल जिथे तरतं तिथे. बिचाऱ्याला आयुष्यात कधी ग्रेस लागली नव्हती, त्याला हे कुठून सुचणार?

"सर्व्हर डाऊन आहे सांगूया," तो म्हणाला. "तोवर मी नीट करतो."

"नको रे." तिने फोन उचलला. "सर, निकाल लावू नका. ग्रेसमध्ये आमची चूक झालीय. मुलं उगाच नापास होतायत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "कळलं कारण मी स्वतः ग्रेसवर पास झालेले, सर. माझेच मार्क टाकून बघितले."

ही गोष्ट तिने धंद्यात कुणाला सांगितली नव्हती. मी तर शेजारीपाजारीही नाही.

"चिडलेत," फोन ठेवून ती म्हणाली. "पण दोन दिवस दिलेत. आधी स्वतःला पास करून दाखवा म्हणाले."

निकाल उशिरा लागला, पण बिनचूक लागला. काम टिकलं, त्यावरून पुढची मिळाली.

आता ऑफिस कोलशेतला आहे. परवा गेले होते तेव्हा कुठल्याशा निकालाची गडबड चालली होती. सौमित्रने आतून विचारलं, "ऋजुता पास झाली का?"

"झाली सर," एक पोरगी स्क्रीन बघून म्हणाली. "गणित राहिलंय."

शेजारी कामासाठी आलेले एक प्राध्यापक बसले होते. त्यांनी मला विचारलं, "ही कोण विद्यार्थिनी?"

"माझी मुलगी," मी म्हटलं. "आणि मी गणिताची शिक्षिका."