बांधावरचे दगड

माझ्या बांधावरच्या दगडांकडे बघायचं मी आठवडाभर टाळतोय. तिथं लांडगिणीचं बीळ होतं, अभयारण्याच्या तारेपासून हाकेच्या अंतरावर. गावातल्या चौघांनी आत धूर केला आणि दगडांनी तोंड बुजवलं. पिल्लं आतच राहिली. कायद्यानं हा गुन्हा, हे मला ठाऊक होतं. पण तारेबाहेर कायदा संपतो असं मानणं सोयीचं असतं. काडेपेटीही मीच दिली.

आज मेंढरं चारणाऱ्या धनगर मावशी तिथं थबकल्या. त्यांचं कोकरू याच लांडगिणीनं नेलं होतं.

“मिटली ना काळजी?” मी विचारलं.

“कसली? कळपातलं एक तिचं असतंच, बाबा. आम्ही धरूनच चालतो.”

वाकून त्या एकेक दगड बाजूला करू लागल्या.

माझं तर कधी कोंबडंही गेलं नव्हतं.