हाकेला ओ

"ओ! मी हाये नं माय इथंच."

बाळंतपणाच्या खोलीत बाई कोणत्याही घरची असो, कळ आली की तिच्या तोंडून एकच निघतं, "आई गं!" ती काही कुणाला मारलेली हाक नसते. ठेच लागल्यावर तुम्ही-आम्ही म्हणतो तसलंच ते. पण आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाई त्या हाकेला ओ द्यायच्या. दर वेळी. मान वर न करता, हातातलं काम न थांबवता, जणू शेजारच्या खोलीतून लेकीनं मीठ कुठं ठेवलंय ते विचारलंय.

मी एकदा म्हटलं, "बाई, ती तुम्हाला थोडीच हाक मारते? तिची आई असेल तिकडं तिच्या गावी."

"तिची माय येईपावतर कोन ओ देईन मंग? तू देतं का?"

मी एकदा देऊन पाहिली होती. बाई पाणी उकळायला मागं गेल्या होत्या, आत एकजण कळवळून "आई गं" म्हणाली आणि मी पडद्याबाहेरून माझ्या भरड्या आवाजात "ओ!" म्हटलं. ती इतकी दचकली की तिची कळच थांबली. बाई धावत आल्या. "भुतावानी कायले ओरडतं रे? तुह्यं काम बाटल्या भरनं हाये, बाटल्या भर."

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्या साली मी या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागलो. दारव्ह्याहून यवतमाळला जाणाऱ्या सडकेवरचं गाव. कौलारू दवाखाना आणि मागं दोन क्वार्टर. एकात मी, एकात बाई आणि त्यांची लेक. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस मीच डॉक्टर, अशी माझी समजूत होती. गावाची नव्हती.

माझीही पहिल्याच आठवड्यात दूर झाली. दवाखाना झाडणारी बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून उकळलेल्या कात्र्यांचा ट्रे बाईंनी माझ्या हाती सोपवला. "पडद्याच्या फटीतून दे फक्त. अंदर पाहू नोको." मी पाहिलं. पुढचं मला माहीत नाही, कारण मी ट्रेसकट आडवा झालो होतो. शुद्धीवर आलो तेव्हा कळलं की बाईंनी त्या अडलेलीला सांगितलं होतं, "थांब माय जराशी, पहिले या बाप्याले बाजूले सरकवते." ती कळा देता देता हसली आणि हसता हसता मोकळी झाली. पोराला माझं नाव द्यावं असं मी सुचवून पाहिलं. कोणी मनावर घेतलं नाही.

आता तुम्हाला सुपाचं सांगायला हवं. आमच्याकडं बाळंतीण सुखरूप सुटली की पाचवी झाल्यावर सुईणीला सूप देतात. सुपात ज्वारी, गुळाचा खडा, नारळ आणि चोळीचा खण. हे हातात द्यायचं नसतं. तिच्या उंबऱ्याबाहेर ठेवायचं, दोन पावलं मागं सरायचं आणि मग सांगायचं, "बाई, सूप ठेवलं वो." बाळंतपणाचा विटाळ सुपाबरोबर तिच्या दारात राहिला, आपण मोकळे. आमच्या बाई सरकारी नर्स. नागपूरला शिकलेल्या, पांढरं स्वच्छ पातळ नेसणाऱ्या, कोपरापर्यंत कार्बोलिक साबण चोळणाऱ्या. पण गावानं त्यांना बसवलं होतं ते सुईणीच्याच जागी. ज्यांचा निळा पडलेला नातू बाईंनी तोंडानं फुंकर घालून जागा केला, त्या घरचं सूपसुद्धा उंबऱ्याबाहेरच आलं. त्याच नातवाच्या बारशाचं बोलावणं मात्र मला होतं. माझं कर्तृत्व एवढंच, की मी बाळाच्या आजोबांना पोटदुखीचं मिक्श्चर दिलं होतं, आणि तेही खोकल्याचं निघालं होतं.

"बाई, तुम्हाला राग नाही येत?"

"ज्वारी खोटी हाये का? मंग राग कायचा?"

ज्वारी झाडणाऱ्या बाईकडं जायची, गूळ माझ्या चहात, आणि खणांच्या बाई कुंच्या शिवायच्या. ज्यांची लेकरं उघड्या डोक्यानं घरी जायची त्यांना त्या कुंच्या. पाटलीणबाईंच्या खणाची कुंची मजुराच्या पोराच्या डोक्यावर बाजारात हिंडताना मी पाहिली आहे. पाटलीणबाईंनीही पाहिली. खण ओळखला, आणि भाजी निवडायला वळल्या.

बंजाऱ्यांच्या तांड्यावर मात्र सूप नव्हतं. तिथल्या बाया बाईंना आत न्यायच्या, चुलीपाशी बसवून भाकरी वाढायच्या आणि याडी म्हणायच्या. याडी म्हणजे आई.

बाईंचं सगळं आयुष्य ज्या एका जिवाभोवती फिरायचं ती त्यांची लेक. पोरगी तान्ही असताना नवरा गेला, म्हणून बाई नर्स झाल्या. पोरगी मोठी गोड. मी तिला मॅट्रिकचं गणित शिकवायचो. ती बाकी सगळ्या विषयांत पास झाली.

मग स्थळं यायला लागली. पोहे खाऊन पाहुणे विचारायचे, "मुलीची आई काय करते?" सांगितलं की बशी खाली ठेवायचे. "नर्स म्हणजे..." असं म्हणून थांबायचे. ते वाक्य आमच्या तालुक्यात कोणी पुरं केलेलं मी ऐकलं नाही. गरजच पडत नसे. विधवा बाई, परक्या गाडीवानाबरोबर वेळी-अवेळी बैलगाडीत बसून जाते. ती कुणाच्या सुनेसाठी जाते, हे त्या वाक्यात बसत नव्हतं.

शेवटी दिग्रसकडच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरून होकार आला. मुलगा चांगला होता. अट सासूची होती. लग्न पुसदला, मुलीच्या मामाच्या घरून. कन्यादान मामा-मामीचं. सोयरीक मामाशी. बाईंनी यावं, जेवून जावं, पण चारचौघांत मुलीची आई म्हणून पुढं येऊ नये.

बाई म्हणाल्या, "बरं."

मी खवळलो. स्वाभिमान वगैरे शब्द वापरून बरंच बोललो. बाईंनी ऐकून घेतलं.

"झालं बोलून? तिले घर पाह्यजे. माय काय, मी हाये नं. मी कुठं पळून चालली?"

लग्नात बाई पंगतीच्या शेवटी पत्रावळीवर मान घालून बसल्या होत्या. मी वाढत होतो. अंगात उत्साह, हातात बुंदीचं भांडं. त्या भरात मी मोठ्यानं विचारलं, "अरे, मुलीच्या आईला वाढलं की नाही?" अख्खी पंगत थांबली. लोक मांडवात मामीला शोधायला लागले. बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की बुंदीचं भांडं मी तिथंच ठेवलं आणि पाणी वाढायला निघून गेलो.

तरी एका गोष्टीवर बाईंचा जीव होता. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. ही रीत आहे, आणि रीत म्हटल्यावर सासूला ती मोडता येणार नाही. "साऱ्या तालुक्याचे लेकरं माह्या हातात आले," त्या म्हणायच्या, "एक माह्यंही येऊ दे." लेकीला दिवस गेल्याचं कळलं तशी त्यांनी बाज नव्यानं विणून घेतली. डिंक, खारीक आणून ठेवलं. शेगडी आणली. आणि एक कुंची शिवली. ती सुपातल्या खणाची नव्हती. स्वतःच्या लग्नातल्या शालूचा पदर त्यांनी कापला होता. मी म्हटलं, "शालू कापला?" तर म्हणाल्या, "तू नेसनार होता का?"

सातव्या महिन्यात बाई लेकीला आणायला गेल्या आणि एकट्याच बसमधून उतरल्या.

"क्वार्टरात कोन कोन येते, म्हने. नर्सच्या दारात आमची सून बाळंत होनार नाही, म्हने."

"आणि ती काय म्हणाली?"

"तिनं खाली पाह्यलं."

एवढं बोलून बाई हात धुवायला गेल्या. बराच वेळ धूत होत्या.

पुढं एका बाजाराच्या दिवशी भर दुपारी दवाखान्यासमोर जीप थांबली. लेकीच्या सासरच्या सुईणीनं हात टेकले होते आणि सूनबाईंना यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात चालवलं होतं. आमच्या गावाच्या शिवेवर पोरीचे डोळे फिरले, म्हणून नाइलाजानं गाडी इथं वळवलेली. सासू उतरली. बरोबर भाऊबंदांतल्या दोन बाया. आमच्या बाई बाहेर आल्या, लेकीकडं पाहिलं आणि सगळ्यांना म्हणायच्या तेच म्हणाल्या.

"घ्या आत. चपला बाहेर."

पोरीला आत नेताना सासू तिच्या कानाशी वाकली. हळूच बोलली, पण मी शेजारीच होतो. "सूनबाई, चारचौघं हायेत. ध्यान ठेव."

मी पडद्याबाहेर उभा राहिलो. एवढ्या वर्षांत मला न पडता उभं राहता यायला लागलं होतं. आतून बाईंचा आवाज येत होता. श्वास घे. सोड. पुन्हा घे. कळा जोरात होत्या, ते बाईंच्या आवाजावरून कळत होतं. मी वाट पाहत होतो. आता म्हणेल. आता म्हणेल. आतून हूं की चूं नाही. झाडणाऱ्या बाईनं मला मग सांगितलं, पोरीनं पदराचा बोळा दातात धरला होता. कळ आली की बोळा चावायची. भाऊबंदांतल्या दोन्ही बाया उशाशी बसल्या होत्या.

"ओरड वो पोरी," बाई म्हणत होत्या. "ओरड. ओरडाव लागते अशा वक्ताले."

बाईंना कुणाची विनवणी करताना मी तेव्हा ऐकलं. आधी कधी नाही, नंतरही नाही.

मूल पायाळू होतं. तरी बाईंनी दोघांनाही सोडवलं. त्या खोलीत ओरडलं ते फक्त बाळ.

पाच दिवस पोरगी वॉर्डात होती आणि पाचही दिवस सासू खाटेजवळ. बाई ड्युटीच्या वेळी यायच्या, ताप पाहायच्या, बाळाला न्हाऊ घालायच्या आणि पुढच्या खाटेकडं जायच्या. मी न राहवून म्हटलं, "बाई, ती कुंची?"

"ड्युटीवर घरचं सामान आनत नसतात."

पाचवी झाली. जीप आली. पोरीला बाळासकट गाडीत बसवलं, आणि सासू हातात सूप घेऊन बाईंच्या क्वार्टरकडं निघाली. नात्यानं ही विहीण. विहिणीनं आत यावं, पाटावर बसावं, चहा घ्यावा. हिनं सूप उंबऱ्याबाहेर ठेवलं, दोन पावलं मागं सरली आणि म्हणाली, "बाई, सूप ठेवलं वो."

बाई दारात उभ्या होत्या.

मी पाच दिवस मनात एक भाषण रचत होतो. त्यात सणसणीत वाक्यं होती. ते भाषण घेऊन मी माझ्या क्वार्टरातून तरातरा निघालो, "अहो, तुम्हाला काही..." एवढं म्हटलं, आणि माझा पाय थेट सुपात पडला. मी एकीकडं, सूप दुसरीकडं, ज्वारी अंगणभर. नारळ गडगडत जीपच्या चाकाखाली गेला.

"हे कोन येडं?" सासू म्हणाली.

"कंपाउंडर हाये," बाई म्हणाल्या. "थो असाच हाये."

जीपमध्ये पोरगी हसली. तोंडाला पदर लावून, पण हसली. बाईंनी ते पाहिलं. तेवढ्यासाठी मी आणखी कितीही सुपांत पाय घातला असता. माझं भाषण मात्र तिथंच संपलं. जीप धूळ उडवत गेली, आणि बाई खाली बसून दाणे वेचायला लागल्या.

"राहू द्या ना बाई ते."

"पायाखाली येते. अन्न हाये."

त्या खणाची कुंची पुढच्याच आठवड्यात तांड्यावरच्या एका पोराच्या डोक्यावर गेली. शालूच्या पदराची पेटीतच राहिली.

बाई पेन्शनीत निघाल्या आणि दारव्ह्याला भाड्याची खोली घेऊन राहिल्या. लेक कधीमधी यायची, यवतमाळला जाताना, दोन बसच्या मधल्या वेळात. बरोबर मुलगा असायचा. त्याला सांगितलेलं होतं, या म्हणजे दवाखान्यातल्या बाई. तोही त्यांना "बाई" म्हणायचा, आणि त्या त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायच्या.

त्या गेल्या तेव्हा निरोप सगळीकडं गेला. आमच्या गावात त्यांच्या हातावर जन्मलेल्यांचे आईबाप घरोघर होते, पण पेरणीचे दिवस होते म्हणे. तांड्यावरचे चौघे खांदा द्यायला आले. बाया भिंतीशी बसून याडी याडी म्हणत होत्या. उचलायच्या थोडं आधी जीप आली. सासू आतच बसून राहिली. लेक उतरली, दारापर्यंत नीट चालत आली आणि उंबऱ्यावर कोसळली.

"आई गं!"

चारचौघांत. मोकळ्या गळ्यानं. जीपपर्यंत ऐकू गेलं असणार.

मी बाईंच्या पायाशी उभा होतो. आणि इतक्या वर्षांची सवय बघा, मी कान देऊन थांबलो.

"मंग कोन ओ देईन? तू देतं का?" असं त्यांनी मला विचारलं होतं. मी तोंड उघडलं. माझा तो भरडा आवाजसुद्धा निघाला नाही.