राहू द्या, जावईबापू

माझ्या सासऱ्यांनी "चला, गाडीनं सोडतो" म्हटलं की भल्याभल्यांना घरी राहिलेली कामं आठवतात. खुटबावात लोकांना पायी चालण्याची जी आवड लागली आहे, तिचं सगळं श्रेय मामांना आणि त्यांच्या जुन्या पिकअपला. सासरे म्हणून मी रीतीप्रमाणे त्यांना मामाच म्हणतो. पिकअपला हॉर्न आहे, टपावर भोंगा आहे, पुढं लिंबू-मिरची आहे. फक्त ब्रेक नाही. अगदीच नाही असंही नाही. पेडल पहिल्या दाबाला थेट खाली टेकतं, दुसऱ्याला विचार करतं आणि तिसऱ्या-चौथ्याला गाडी थांबते. तोवर थांबायचं ठिकाण मागं गेलेलं असतं. शिरूरला माझ्या घरी यायचं तर मामा आधीच्या चौकातच गिअर उतरवायला लागतात. स्वतःच्या दारात कडब्याच्या गंजीत नाक खुपसून थांबतात. त्या गंजीला आता पिकअपच्या तोंडाचा साचा पडलाय. एकदा शिक्रापूरच्या चौकात पुढं ट्रक, मागं ट्रक आणि मामांच्या शेजारी मी, डोळे मिटून. मामा म्हणाले, "भिऊ नका जावईबापू, म्होरला ट्रक लोडेड हाय. आपल्या धक्क्यानं हलायचा न्हाई."

या दुखण्यावर त्यांनी काय नाही केलं? लायनर बदलले, ब्रेक ऑइल बदललं, चाकांतली रबरं बदलली. शेवटी पायातली चप्पल बदलली, कारण जुनीचा तळ गुळगुळीत झाला होता. काही दिवस दोष रस्त्याच्या उताराला दिला, काही दिवस शेजाऱ्याच्या नजरेला. मिस्त्रीकडे मात्र जायचं नाही. "मिस्त्री एक आवळतो आन् दोन ढिलं करून ठिवतो." दौंडचा मिस्त्रीही त्यांना लांबून पाहिलं की दुसऱ्याच गाडीखाली शिरतो. मामा त्याला काम कधी देत नाहीत, सल्ला मात्र देतात.

असंच चाललं असतं, पण यंदा गाडीचं आरटीओ पासिंग आलं. आदल्या दिवशी सासूबाईंनी जाहीर केलं, "उद्या ब्रेक लागला न्हाई, तर गाडी सणसवाडीच्या भंगारात. मला गाडीपरीस माझं कुंकू थोर हाय." मामा नुसते बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मुलगा नाही, मुली सासरी. पहाटे शेवंती भरून बाजाराला निघायचं, वाटेत दिसेल त्याला भोंग्यानं हाक मारायची, एवढंच त्यांचं जग, आणि ते त्या चार चाकांवर होतं.

मग त्यांनी निदान केलं: नळीत हवा शिरलीय. निदान बरोबर होतं, हेच माझं दुर्दैव. कारण हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकामागचं निपल सैल करून हवा सोडायची, आणि निपल पुन्हा आवळेपर्यंत वरच्यानं पाय उचलायचा नाही. उचलला की बाहेरची हवा परत आत. सासूबाई त्या गाडीला शिवायच्या नाहीत, आणि वर बसायला घरात होता एकटा, सासुरवाडीला आलेला जावई.

आता लग्न झाल्यापासून या घरात मी एकच वाक्य ऐकत आलोय. ताट उचलायला गेलो की "राहू द्या, जावईबापू." कळशीला हात लावला, "राहू द्या." ते कानावर पडलं की माझे हातपाय आपोआप मागं येतात.

मी पेडल दाबलं. खालून मामा ओरडले, "राहू द्या, जावईबापू, राहू द्या!"

मी अदबीनं पाय उचलला. खाली फुसकन आवाज झाला.

"उचलला व्हय?"

"तुम्हीच म्हणालात ना, राहू द्या."

"म्हंजी दाबलेला राहू द्या!"

पुन्हा तेच. पुन्हा "राहू द्या", पुन्हा पाय वर. एकदा तर मी निश्चयानं दाबून धरलं होतं, तेवढ्यात ओट्यावरून सासूबाई म्हणाल्या, "अवो, जावयाला काय राबवताय? राहू द्या की!" झालं, पाय वर. मामांना "धरा" म्हणता येईना. जावयाला हुकूम कसा सोडायचा? दिवस कलला. ऑइलच्या डब्यात शेवटचा घोट उरला. मामा बाहेर आले, तोंड काळं झालेलं. गाडीकडे त्यांनी असं पाहिलं, जसं विकायला काढलेल्या बैलाकडे पाहावं. मग पुन्हा खाली गेले.

मी दाबलं. "राहू द्य..." माझा पाय हलला असणार. कारण गाडीखालून आवाज फुटला, "धरून ठिव की रं गाढवा! हलवलास तर तंगडं मोडीन!"

सासूबाईंच्या हातातलं सूप पडलं. मी पाय असा रोवला की पत्रा करकरला. "सोड!" सोडला. "दाब!" दाबला. "आता धर, लेका!" धरला. चारी चाकं झाली आणि पेडल दगडासारखं घट्ट उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी पासिंग झालं. परत येताना गाडी गंजीच्या चार हात अलीकडेच थांबली. मामा स्टिअरिंगकडे बघत म्हणाले, "जावईबापू, काल तोंडातून वंगाळ गेलं. मनावर घिऊ नका."

माझे वडील गेले, तेव्हापासून मला गाढव म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मी म्हणालो, "राहू द्या, मामा."

मला म्हणायचं होतं, तसंच राहू द्या. त्यांनी घेतलं, विसरून जा. आता ब्रेक पहिल्याच दाबाला लागतो, आणि ताट उचलायला गेलो की मामा अदबीनं मला थांबवतात. कधीकधी वाटतं, त्या नळीत पुन्हा थोडी हवा शिरावी.