मी आले की बघते

दुकानात कुणी घाबराघुबरा होऊन "व्हायरस! बूट सेक्टर बदललाय म्हणतंय!" करत आला, की कॉम्प्युटर दुरुस्त करणारा हा गृहस्थ गालातल्या गालात हसायचा. बूट सेक्टर म्हणजे डिस्कचा अगदी पहिला कप्पा. मशीन जागं होतं ते तिथून. अँटिव्हायरस त्याची नक्कल जपतो आणि रोज ताडून बघतो. जरा फरक दिसला, की लांडगा आला रे आला! "अहो, नवी सिस्टिम टाकलीत ना? मग बदलणारच," म्हणत तो कप्पा तपासायचा, अँटिव्हायरसला नवी नक्कल घ्यायला लावायचा. बोंब बंद.

घरी मात्र दिव्याखाली अंधार. नोकरीसाठी परदेशी जाताना लेकीनं घरच्या कॉम्प्युटरवर दुसरी सिस्टिम बसवली, तेव्हापासून तिथला अँटिव्हायरस रोज सकाळी बोंबलायचा.

"जगाची मशिनं दुरुस्त करता, हे तेवढं गप्प करा की!" बायको करवादायची. तो कानाडोळा करायचा. कारण रविवारच्या फोनवर लेकीला सांगायला त्याच्याकडे तेवढंच होतं.

"अगं, तो इशारा पुन्हा आला बघ."

"हात लावू नका बाबा. मी आले की बघते."

एवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा. दुकानाचं शटर उचलताना, जेवताना, तिच्या रिकाम्या खुर्चीपाशी, सारखी तिची आठवण यायची. पण असलं काही फोनवर बोलायचं म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटायची.

एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, आता इथूनच करता येतं." आणि तिथे बसल्या बसल्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून तिनं नवी नक्कल घेतलीसुद्धा. "झालं! सुटलात एकदाचे."

दुसऱ्या दिवशी मशीन मुकाट सुरू झालं. बायको खूश. हा मात्र चहा गार होईपर्यंत पडद्याकडे बघत बसला. मग खोलीचं दार लोटून त्यानं उभ्या जन्मात केलं नव्हतं ते केलं: धडधाकट बूट सेक्टरला हात घातला. काही बिघडलं तर पडद्यावर दाखवायची दोन-चार वाक्यं त्यात असतात. त्यातलं एक त्यानं बदललं.

रविवारी तो चाचरत म्हणाला, "अगं, तो इशारा..."

"शक्यच नाही!" म्हणत लेक पुन्हा आत शिरली, तो कप्पा उघडला. मग तिनं हळूच वाचलं, "ये ना गं घरी."



"बाबा, हे इथून नाही पुसायचं," ती म्हणाली. "मी आले की बघते."

एरवी इथे "बरं" म्हणून तो फोन बायकोकडे द्यायचा. आज दिला नाही.

"कधी?" त्यानं विचारलं.