घरतच्या आखूड ओळी

घरत गेला त्याला आता दीडेक महिना होईल. त्याच्या मुलीचा, वैशालीचा, सकाळी फोन आला. "बशीरचाचा, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मी "निघालोच" म्हणालो, चपला घातल्या आणि जिन्यातच बसून राहिलो. रोज दुपारी चहाच्या वेळेला मी त्याच्या नवीन पनवेलच्या घरी त्याच्याच कविता त्याला वाचून दाखवायला जात असे. कवीला त्याचीच कविता दुसऱ्यानं का वाचून दाखवायची, ते पुढे येईलच. पण जिन्यात बसल्यावर पहिला विचार आला तो हाच, की आता दुपारी जायचं कुठं...

तो गव्हाणचा, मी पनवेलच्या मोहल्ल्यातला. शाळेत एका बाकावर बसायचो. त्याचे वडील मिठागरात कामाला होते. हंगामापूर्वी मिठागराच्या वाफ्याचा चिखल पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो. माणसं ओळीनं उभी राहतात आणि एका ठेक्यात पाय मारतात. सुट्टीत घरतही त्या ओळीत असायचा. मास्तर वृत्तं शिकवायला लागले तेव्हा आम्ही बोटांवर मात्रा मोजत होतो आणि हा बाकाखाली पाय मारत होता. त्याबद्दल अंगठे धरून उभा राहिला, पण मात्रा एक चुकली नाही. पुढे तो शाळेत शिक्षक झाला आणि वृत्तातल्या कवितांनी त्यानं पनवेलपासून अलिबागपर्यंतची कविसंमेलनं गाजवली. आवाज असा खडा, की माइक नसला तरी चालायचं. मी तोवर पोटापाण्यासाठी कुवेतला गेलो होतो, एका गोदामात स्टोअरकीपर म्हणून.

एकदा रजेवर आलो तर हा म्हणाला, "सोडला."

"काय सोडलंस?"

"वृत्त. मिठागर बुजवला, बशीर. पाय मारायला जागा नाय राह्यली. आता त्या चालीत लिवला तर मलाच खोटा वाटतं."

"अरे, पण लोकांना आवडतंय ना?"

"लोकांना आवडतं म्हनून खोटा बोलू?"

त्यानंतर तो मुक्तछंदात लिहू लागला. ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं तेच "घरत बिघडला" म्हणू लागले. मुंबईच्या मंडळींनी मात्र कौतुक केलं, एक बारीकसा संग्रहही काढला. आणि काही वर्षांनी हा गावच्या बोलीत लिहायला लागला, तेव्हा तीही मंडळी चहा न घेताच उठून जावं तशी निघून गेली. मी त्याला चिडवायचो, "आणखी एकदा बदललास तर ऐकायला मी एकटाच उरेन बघ." तो मोठ्यानं हसायचा. जळो माझी जीभ, झालं तसंच.

वहिनी आधीच गेल्या होत्या, वैशाली सासरी नाशिकला. मी कायमचा परत आलो, तो निवृत्त झाला, आणि मग त्याला घशाचा आजार निघाला. ऑपरेशनमध्ये जीव वाचला, आवाज गेला. मोठ्यानं म्हणून पाहिल्याशिवाय ज्यानं कधी ओळ लिहिली नाही त्याचा आवाज गेला. कितीतरी दिवस त्यानं मलाही दार उघडलं नाही. उघडलं तेव्हा हातात पाटी होती, त्यावर लिहिलेलं, "तू वाच."

मला कुवेतच्या धुळीनं दम्याचं दुखणं दिलेलं. त्याच्या त्या वेळच्या ओळी चांगल्या हातभर लांब. मी अर्ध्यावर थांबायचो, पंप ओढायचो, पुढे वाचायचो. घरत संतापून टेबल बडवायचा. एकदा मधेच मला अशी ढास लागली की तो घाबरला. पाणी दिलं, पाठ चोळली. मग कागद ओढून घेतला आणि मी जिथं थांबलो होतो तिथं पेनानं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी सगळी कविता तोडून ठेवलेली.

"माझ्या छातीपायी कवितेची वाट नको लावूस," मी म्हणालो.

त्यानं पाटीवर लिहिलं, "माझा आवाज आता तूच हायस. तुझ्या दमात बसल तीच ओळ."

तेव्हापासून त्याच्या साऱ्या कविता माझ्या छातीच्या मापानं झाल्या. थंडीत माझा दमा वाढला की ओळी दोन-दोन शब्दांवर यायच्या. मी वाचायचो आणि तो डोळे मिटून ऐकायचा. कुणीतरी लेख लिहिला, की घरतांना उतारवयात अल्पाक्षरी रूप सापडलं. आम्ही दोघांनी तो वाचला. घरत आवाज न करता डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि पाटीवर लिहिलं, "त्यांना तुझा पंप दाखव."

शोकसभेत एका तरुण नटानं त्या कविता वाचल्या. आवाज भारदस्त, मुलगा गुणी. "मिठागर गेला / पायांना अजून / म्हाईत नाय" हे त्यानं एका दमात म्हटलं. लोक वा वा म्हणाले. मला मात्र राग आला, एवढ्या दुःखात राग आला. मग वैशाली म्हणाली, "चाचा, एक तुम्ही वाचा." मी उभा राहिलो, आणि दुसऱ्या ओळीनंतर थांबलो. ते थांबणं कवितेतलंच होतं. पण सभागृहाला वाटलं, म्हातारा गहिवरला. कुणी खुर्ची आणली, कुणी माइक काढून घेतला, कविता राहिली तिथंच. सांगणार तरी कुणाला आणि काय?

वैशालीनं ते घर अजून मोकळं केलेलं नाही, एक किल्ली माझ्याकडे आहे. दुपारी जातो, खिडक्या उघडतो आणि मोठ्यानं वाचतो. फार एकटं वाटतं, पण घरी बसून त्याहून जास्त वाटतं. या महिन्यात माझी छाती आणखी बिघडली आहे. त्यानं मापानं तोडलेल्या ओळीही आता मला झेपत नाहीत, दोन शब्दांच्या मधेच दम लागतो. त्याचं पेन टेबलावर आहे, पण तिथं रेघ मारायला तो नाही. मी अर्ध्या ओळीत थांबतो, श्वास येईपर्यंत त्याच्या खुर्चीकडे बघतो आणि मग उरलेला शब्द वाचतो.