अक्काच्या पायांखालचा कोबा

अक्काचा फोन आला तेव्हा मी अंबाजोगाईच्या माझ्या दुकानात एका नव्या जोडप्याला स्वयंपाकघराच्या फरशा दाखवत होतो. "बाळू, दाजी गेले तुझे," एवढंच ती म्हणाली आणि फोन कुणा शेजारणीनं घेतला. सकाळी गॅरेज झाडून दाजी ओट्यावर टेकले, प्यायला पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत... मी कड्याला, अक्काच्या गावी पोहोचलो तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. आता दीडेक महिना होत आला. माझा धंदाच फरशीचा, म्हणून असेल, पण दाजींची आठवण आली की मला आधी त्यांच्या कामाच्या जागेतली जमीन दिसते. तिच्यापायी त्यांनी मला जेवढं छळलं, तेवढं कुठल्याही गिऱ्हाइकानं छळलेलं नाही.

दाजी साखर कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले आणि हातांना चैन पडेना. मुलगा पुण्याला, त्याच्या गाडीसाठी घराला लागून गॅरेज बांधलेलं. गाडी यायची दिवाळीला, एरवी तिथे उंदीर नांदायचे. दाजींनी तिथे जुना लेथ आणला, वेल्डिंगचं मशीन बसवलं आणि ट्रॉलीचे हूक, नांगराचे फाळ, गेटाच्या बिजागऱ्या असं काय काय करत बसायला लागले. अडचण एकच. स्वयंपाकघरातून मोरीकडे जायची वाट त्या गॅरेजमधून होती, आणि अक्का घरात चप्पल घालत नाही. घरात देव आहेत म्हणते. दाजींनी विनवण्या केल्या, आरडाओरडा केला, एकदा तर रुसून जेवले नाहीत. ती बधली नाही. आमच्या माहेरचा हट्ट आहे तो, मीही त्यातलाच.

अक्काला साखरेचा आजार. पायांची जाणीव हळूहळू गेलेली. काही वर्षांपूर्वी लेथवरून उडालेला लोखंडाचा कीस तिच्या पायात रुतला आणि तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा पाय सुजून काळानिळा पडला होता. मी इथे म्हणून तिला अंबाजोगाईला आणलं. पायाचं एक बोट काढावं लागलं. त्याच दुपारी दाजी माझ्या दुकानात येऊन उभे राहिले आणि मांडलेल्या फरशा एकेक करून बोटानं वाजवायला लागले. माझं डोकंच फिरलं. "दाजी, तिकडं माझी बहीण पडलीय, अन् तुमी फरशा कशाला वाजवताय?"

ते वळले. डोळे लाल झाले होते. "ती चप्पल घालनार न्हाई बाळू. लेथ इकतो म्हनलं तर तीच इकू देत न्हाई, म्हन्ती रिकामं बसून मरताल. मग ऱ्हायलं काय? जमीनच. आनखी एक बोट गेलं तर मी काय तोंड दावू तिला..." मग म्हणाले, "कीस पडला की दिसला पायजे. झाडला की निघाला पायजे. आशी जमीन दे मला."

मी नमुने घेऊन कड्याला गेलो. ते अंगणात मांडून दाजींनी त्यांची परीक्षाच घेतली. चकचकीत टाइलवर घण सोडला, टवका उडाला. शहाबादी माझी लाडकी. तिच्यावर वेल्डिंगचा लालबुंद तुकडा ठेवला तर पोपडा सुटला, आणि कीस अडकायला दोन फरशांमधल्या दरजा होत्याच. इपॉक्सीच्या लेपावर माझी फार भिस्त होती. ठिणग्यांनी त्याला भोकं पाडली आणि वर तेल ओतल्यावर मीच घसरून बदकन आपटलो. अक्का ओट्यावर पदर तोंडाला लावून हसत होती. "दुकानदारच पडला की रं!" दाजींना लोखंडी पत्रा अंथरायचा होता; तो बेत मी हाणून पाडला, पत्र्यावर लोखंड दिसणार कसं? शेवटी ठरलं: सिमेंटचा बिनसांध्याचा कोबा, वरच्या थरात तो टणक करणारी पावडर, फार गुळगुळीत घोटायचा नाही, आणि रंग फिकट, म्हणजे काळा कीस नजरेत भरेल. फिकट रंगाची अक्कल माझी, हे इथे लिहून ठेवतो. दाजी जो भेटेल त्याला ती स्वतःची म्हणून सांगायचे.

गवंड्याला सवड झाली ती नेमकी महालक्ष्म्यांच्या सणात. लक्ष्म्या यायच्या त्याच दिवशी दुपारी कोबा घोटून झाला. दाराला फळी आडवी लावून दाजी आणि मी अंगणात हात धूत होतो. आमच्याकडे मुखवटे आत आणताना लक्ष्मीला सगळं घर दाखवतात. अक्का मुखवटा छातीशी धरून पुढे, मागे बायका ताट वाजवत. चूल दाखवून झाली, ज्वारीची कोठी झाली, आणि अक्का म्हणाली, "यांचं काम बी दावू की तिला." सणाच्या धांदलीत तिच्या काही ध्यानात राहिलं नाही, फळी ओलांडून ती सरळ आत गेली. दुसऱ्या कुणाच्याही तळव्याला ओला गार कोबा कळला असता. ती चालत राहिली, पार मधोमध जाईपर्यंत.

दाजी धावले. तिला धरून बाहेर आणलं, मुखवटा एका बाईच्या हातात दिला, अक्काला ओट्यावर बसवलं आणि बादली घेऊन तिचे पाय धुवायला बसले. सिमेंटनं कातडी भाजते, आणि भाजली तरी हिला कळणार नव्हतं. बोटांच्या बेचक्यांतून, काढलेल्या बोटाच्या जागेवरून, हळूहळू... भर बायकांत नवऱ्यानं बायकोचे पाय धुतलेले आमच्याकडे कुणी पाहिले नव्हते. ताट वाजायचं थांबलं. "सोडा की, समदे बघत्यात," असं अक्का लाजून म्हणत राहिली.

मग दाजी थापी घेऊन उठले. बायका कळवळल्या, "मोडू नका हो, लक्ष्मीची पावलं उमटल्यात!" मलाही तसंच वाटत होतं. "राहू द्या की दाजी. किती छान दिसतंय."

"खळग्यात कीस साचतो," दाजी म्हणाले. "अन् ही नेमका तिथंच पाय देनार."

फळीवर गुडघे टेकून त्यांनी एकेक पाऊल बुजवलं. एक म्हातारी अपशकुन अपशकुन करत निघून गेली. दाजींनी मान वर केली नाही. त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला. तसं मी त्यांना कधी बोललो नाही. मेहुण्यानं दाजींना असलं काही सांगायची आमच्यात रीत नाही.

परवा पुन्हा कड्याला गेलो. लेथवर चादर टाकलेली. मी गॅरेजमध्ये बसलो होतो, अक्का त्याच वाटेनं चहा घेऊन आली, अनवाणीच. मी चिडलो. "आता तरी चप्पल घाल की गं!" ती समोर बसली, पाय लांब केले. "बघ बरं, काय रुतलंय का."

मला कळेना.

"दिवेलागनीला रोज बघायचे ते, ब्याटरी घिऊन. कोबा केला अन् मोकळे झाले, आसं वाटलं व्हय तुला?"

थोरल्या बहिणीच्या पायांना मी आजवर फक्त नमस्कारापुरता हात लावला होता. तळवे मांडीवर घेतले. भेगांवरून, टाचेवरून बोटं फिरवली. कुठेच काही नव्हतं. "काही नाही अक्का," मी म्हणालो आणि पाय खाली ठेवायला गेलो.

तिनं पाय काढून घेतले नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाली, "आजून बघ. ते लई येळ बघायचे."