चाळीस बैल आणि वेणूची हाक

कोनच्या काशिरामला बैलांना पळायला लावणारा माणूस दिसला की राग येई. घाटावरच्या बाजारातली गुरं पायी हाकत पनवेलला आणून पोचवायची, हा त्याचा धंदा. पळवलेला बैल वाळतो, असं म्हणत तो गुरांच्याच चालीनं चाले. माणूस गुणाचा, पण या सावकाशीनंच त्याचा घात केला होता.

वेणू आणि तो पनवेलच्या शाळेत सातवीपर्यंत एका वर्गात होते. कोनहून चालत जायचे, चालत यायचे, आणि त्या वाटेवरच एकमेकांना जीव लावून बसले. सेहेचाळीस साली दोघांची सुपारी फोडायचं, म्हणजे लग्न पक्कं करायचं ठरलं. त्याआधी काशिराम म्हणाला, "गुरं पोचवून येतो," आणि घाटाकडे निघाला. येताना खोपोलीला दोन बैलांचे खूर दुखावले, तर हा पठ्ठ्या चार दिवस त्यांच्या उशाशी बसून राहिला! इकडे माणसं जमलेली आणि नवरदेवाचा पत्ता नाही. वेणूचा बाप देवजी असा भडकला की महिन्याभरात त्यानं लेक उरणच्या मिठागरवाल्यांकडे देऊन टाकली.

बारा वर्षांत बरंच झालं. वेणूचा नवरा तापानं गेला, ती माहेरी परतली. त्यांच्यात विधवेचा पाट लावतात, म्हणजे दुसरं लग्न. काशिराम अजून बिनलग्नाचा. पण हा गडी वर्षभर नुसती तिच्या दारावरून गुरं नेत राहिला, बोलेल तर शपथ! अखेर उरणकडच्या एका बिजवरानं तिला मागणी घातली. काशिराम तेव्हा घाटावर होता. तिकडे सुकी मासळी विकायला गेलेल्या कोनच्याच सखूबाईनं त्याला वेणूचा निरोप दिला: "दिवाळीच्या पाडव्याला गुरं इस्तवावरनं उडवून झाली का पंच बसतील, तिला ईचारून सुपारी फोडतील. येळेवर आलास त आलास. या टायमाला ती थांबणार नाय."

पाडव्याच्या सकाळी काशिराम चाळीस बैल घेऊन शेडुंगच्या पुढे आला, आणि कोनच्या बाजूला गुरं उडवायला पेटवलेल्या पेंढ्याचा धूर दिसला. म्हणजे पंच बसायची वेळ झालीच! परक्याची गुरं रस्त्यात सोडायची तरी कशी? जन्मात पहिल्यांदा त्यानं काठी उगारली. "पला रं, पला!" धोतराचा काचा मारून तो धावत सुटला, मुंडासं कुठे पडलं त्याचा पत्ता नाही. समोरून येणारी एसटी मुकाट्यानं बाजूला उभी राहिली.

गल्लीच्या तोंडाशी पेंढा अजून जळत होता. गावची गुरं केव्हाच उडी मारून पलीकडे गेली होती. घाटावरच्या बैलांनी असला प्रकार कधी पाहिलेला नाही, ते जागच्या जागी थिजले. त्या चाळिसांच्या पुढे चालणारा चांद्या हा काशिरामचा स्वतःचा बैल, पण पाडव्याला तो नेहमी रस्त्यावर असे, त्यामुळे तोही अडला. आगीपलीकडे देवजीच्या अंगणात पंच बसलेले, मधे सुपारीचं ताट. सगळ्यांत थोरल्या विठूनं सुपारी हातात घेतलेली काशिरामला दिसली. तो ओरडला, पण बैलांच्या हंबरण्यात ऐकतो कोण!

वेणूनं मात्र पाहिलं. आई मेलेल्या चांद्याला तिनंच वासरूपणी हातानं पेज पाजली होती आणि लग्न होऊन जाताना काशिरामच्या गोठ्यात धाडलं होतं. पदराचं भान न ठेवता ती पंचांमधून धावत गल्लीत आली आणि जुन्याच सुरात तिनं हाक दिली, "चांद्या, येऽ रं येऽ! पेज पी!"

चांद्यानं कान टवकारले आणि आगीवरून उडी घेतली. मागोमाग चाळीसही! अंगणात एकच दाणादाण उडाली. पंच ओटीवर चढले, बिजवर पेंढ्याच्या माचावर, ताट बैलांच्या पायाखाली.

"वेणू, यो काय परकार?" विठू ओटीवरून ओरडला.

"मना ईचारायचा व्हता ना? यो माजा जबाब हाय," वेणू म्हणाली.

देवजीनं चेपलेलं ताट उचलून ओटीवर ठेवलं. बारा वर्षांपूर्वीच्या रागाची त्याला आज लाज वाटली असावी.

काशिराम धापा टाकत तिच्यापुढे उभा राहिला. आनंदानं त्याला काही सुचेना, आणि तोंडातून निघालं ते नेमकं तेच, "वेणू, येवडी गुरं पोचवून येतो..."

वेणूनं त्याच्या हातातली काठी काढून घेतली.

"चल. या टायमाला मी पन येते."

पुढे वेणू, मागे चांद्या आणि चाळीस बैल, सगळ्यांत शेवटी उघड्या डोक्याचा काशिराम, असे ते शाळेच्या जुन्या वाटेनं निघाले. पनवेलपर्यंत बैल कुणीही पळवले नाहीत.